बारा जणांच्या गोळ्या

"आ कर," डॉक्टर म्हणाले.

मी आ केला. त्यांनी जिभेवर एक पांढरी गोळी ठेवली, पाण्याचा मग तोंडाला लावला आणि गिळून झाल्यावर लाकडी पट्टीने जीभ उचलून खाली बघितलं. बाजारात बैल घेताना दात बघतात ना, तसं.

"गिळलीस?"

"गिळली, साहेब."

"नाव?"

"तांबे. रावजी सोनू तांबे."

"तांबे, तू ब. पुढचा!"

पुढचा पालांडे होता. तो अ झाला. त्याच्या पुढचा परत ब. असे आम्ही एका मेसचे बारा जण अ-ब-अ-ब करत डेकवर उभे. मागे मुंबईची गोदी पावसात पुसट होत चालली होती आणि पुढे कोचीनपर्यंत नुसता जुलैचा समुद्र.

गोष्ट पंचावन्न सालची. नेव्हीची ती बोट इंग्रज जाताना टाकून गेलेल्या सामानातली. तिचं नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता.

डॉक्टर म्हणजे सर्जन लेफ्टनंट अष्टपुत्रे. पुण्याचे. पंचविशीतले, चष्मेवाले, कडक इस्त्रीचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. त्यांना आमच्यावर प्रयोग करायचा होता आणि त्याचा त्यांना एवढा आनंद झाला होता की शेवटची गोळी द्यायची राहिली असतानाच त्यांनी आम्हाला व्याख्यान दिलं.

"हे बघा, तुम्ही आज फार मोठ्या परंपरेत उभे आहात. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या लढाऊ बोटींवर खलाशांच्या हिरड्या सडायच्या, दात गळायचे, बऱ्या झालेल्या जखमा उघडायच्या. लढाईपेक्षा त्यानेच जास्त माणसं मरायची. तर एका बोटीवरच्या डॉक्टरने काय केलं? बारा आजारी खलाशी निवडले. दोघा-दोघांच्या जोड्या केल्या. एका जोडीला व्हिनेगर, एका जोडीला समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबं. आठवड्याच्या आत लिंबंवाले उठून कामाला लागले! असा प्रयोग आधी कुणी केला नव्हता म्हणतात. आणि तो कुठल्या इस्पितळात नाही झाला. बोटीवर झाला. ते बारा होते. तुम्हीही बाराच आहात!"

आमच्या मेसचे मुख्य दाऊद सोलकर रांगेत शेवटी उभे होते. रत्नागिरीकडचे, आमच्यात सगळ्यांत जुने. दाढी सोडून बाकी सगळं पांढरं व्हायला लागलेलं. त्यांची गोळी राहिली होती.

"साहेब," ते म्हणाले, "ते बारा जण कोण होते?"

"कोण म्हणजे? खलाशी."

"तसं नाय. नावं काय त्यांची?"

"नावं काही कुठे नोंदलेली दिसत नाहीत."

"आणि डॉक्टरचं?"

"ते आहे ना! जगाला माहितीय."

"ते असणारच," दाऊदभाई म्हणाले आणि त्यांनी आ केला.

प्रयोग असा होता. दोन बरण्या. एकीत बोट लागू नये म्हणून विलायतेत नवीन निघालेलं औषध. दुसरीत नुसता खडू आणि साखर. दोन्ही गोळ्या दिसायला एकसारख्या. अ कुठली आणि ब कुठली, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक. आम्ही दिवसातून दोनदा आपापली गोळी खायची आणि संध्याकाळी सांगायचं, किती वेळा ओकलो. साहेब लोकांमधल्या एकालाही अ किंवा ब केलेलं नव्हतं. त्यांना बोट लागत नाही असं वरच ठरलेलं होतं.

मला मात्र लागायची. आणि साधीसुधी नाही. गोदीतून निघून बोटीने पहिली मान डोलावली की माझं पोट उलटायचं. तेलाचा वास, रंगाचा वास, कांद्याचा वास, काहीही पुरायचं. मागच्या फेरीला तर कमाल झाली. आमच्या बोटीवर कॅप्टनच्या खालोखाल लेफ्टनंट कमांडर माथुर. सगळी शिस्त त्यांच्या हातात. ते पाहणीला आले, माझ्यापुढे थांबले, आणि मी सॅल्यूट ठोकता ठोकता त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बुटांवर सकाळचा नाश्ता सांडला.

माथुर ओरडले नाहीत. ओरडणारा परवडतो. त्यांनी रुमाल काढला, माझ्या हातात दिला, बूट पुसून होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "तांबे, ही नेव्ही आहे. पुढच्या फेरीत मी तुला ब्रिजवर टेहळणीला उभा करणार. माझ्यासमोर. एक पाळी. ओकलास तर कोचीनला उतरायचं आणि तिथून थेट घरी. कायमचं."

घरी म्हणजे कुठे, ते सांगायला पाहिजे. खेडपासून आत, जगबुडीच्या काठाला आमचं गाव. आम्ही महार. आदल्या वर्षी बा वारला होता, आणि बाराव्यालाच गावातल्या मानकऱ्यांनी आईला बजावलं होतं, थोरला परत आला की गावकी त्याच्याकडे. गावकी म्हणजे मेलेली ढोरं ओढायची, मामलेदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, आणि सांजच्याला दारोदार ओरडत फिरून वरून टाकलेली भाकरी झेलायची. मी नेव्हीत होतो म्हणून ते थांबले होते. नेव्हीनेच हाकलून दिल्यावर काय थांबणार? मी चौथी शिकलेला. मुंबईत मला कोण ओळखत होतं?

आणि बोटीवर माझ्या हाताचं लोक खात होते. हे वाचायला सोपं आहे. खाली खलाशांचं जेवण कसं असायचं बघा. बारा जणांचं एक लांब टेबल. रोज एकाची पाळी. त्याने भटारखान्यात जायचं, बाराही जणांचा भात आणि डाळ बादलीतून जिन्यावरून खाली आणायची आणि स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढायची. मी पहिल्या दिवशी मेसमध्ये उतरलो तेव्हा दाऊदभाईंनी विचारलं, "कोण रे तू?" मी सांगितलं. लपवायची सवय नव्हती. ते म्हणाले, "बरं. ही बादली घे. आज पाळी तुझी." पालांड्याने मान फिरवली. तो आमच्याच तालुक्यातला, खाशा घरातला. दोन दिवस तो नुसत्या बिस्किटांवर राहिला. तिसऱ्या दिवशी बोट कामाला लागली, रंग खरवडून खरवडून त्याचा जीव निघाला, आणि जेवायला माझ्यासमोर ताट आपटून म्हणाला, "वाढ लवकर. बघतंस काय तोंडाकडे!"

झालं. तेवढाच समारंभ.

मेसचा आणखी एक कायदा होता. जिन्यावरून खाली जे आलं ते टेबलावर. कुणाच्या आईने लाडू धाडले, टेबलावर. सिगारेटी, सुकट, चोरून आणलेला फणस, टेबलावर. बारा वाटे. एकाने एकदा घरचे आंबे पेटीत लपवले तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्या बुटात कोयी सापडल्या. आंबे आम्ही आधीच खाल्ले होते.

पहिली रात्र कशी गेली ते वगळतो. मी ब होतो, आणि ब काही माझ्या कामाला आला नाही.

सकाळी केरकर खाली आला. हा डॉक्टरांचा कंपाउंडर. सावंतवाडीचा. हातात छोट्या कागदी पुड्यांची परडी.

"आज डॉक्टर नाय येणत," तो म्हणाला. "आडवे झालेत."

"आडवे?" पालांडे म्हणाला. "काय झालं?"

केरकरने आजूबाजूला बघितलं. "बादली घेवन आडवे झालेत. कोणाक सांगा नको. ते म्हणतत, पोटात गॅस झालो."

सगळी मेस खदाखदा हसली. मी पण हसलो आणि त्याने मला परत मळमळलं.

"त्यांनी कोणती घेतली?" दाऊदभाईंनी विचारलं. "अ की ब?"

"माका काय विचारतंस? बरणी जवळ घेवन निजलेत, येवढांच माका दिसता. ह्यो घ्या पुड्यो. प्रत्येकाचां नाव घातलेलां आसा. ज्याची गोळी तेनाच खावची. सांजेक विचारूक येतलंय." आणि तो भिंतीला धरत, डुलत वर गेला.

दाऊदभाईंनी परडी टेबलावर घेतली. एकेक पुडी उलगडली आणि गोळी जेवणाच्या ताटलीत टाकली. टक, टक, टक. सगळ्या एकत्र.

"दाऊदभाई!" मी म्हणालो. "त्यांच्यावर नावं हायत!"

"लाडवांवर पण होती."

"पण आता अ कुठली, ब कुठली, कसं कळणार?"

"आधी तुला कळत होतं?"

बोट वर चढली, थांबली, आणि खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली. बारा गोळ्या ताटलीत एका बाजूने दुसऱ्या बाजूला घरंगळल्या. सगळे त्यांच्याकडे बघत बसले.

"घ्या, एकेक उचला," कुणीतरी म्हणालं. "ज्याच्या नशिबी जी येईल ती."

"थांबा," पालांडे म्हणाला. "एकेक घेऊन काय उपयोग? खरी कोणाला मिळाली, खडू कोणाला, कोण बघतंय. आज ब्रिजवर कोणाची पाळी हाय?"

"माझी," मी म्हणालो. "दुपारची. माथुरसाहेबासमोर."

"मग सगळ्या त्यालाच घाला."

"बाराच्या बारा?"

"सहा तरी खऱ्या असतील. बाकीचा खडू. खडूनं कोण मेलंय? शाळेत आम्ही पाटीसकट खायचो."

मी पालांड्याकडे बघत राहिलो. माझ्या बघण्याचा त्याला राग आला. "लय उपकार नको मानूस! माझी झोपायची झोळी तुझ्या झोळीच्या खाली टांगलेली असते. तुला घरी धाडलं तर मला झोप लागेल खरी, पण पाळीला एक माणूस कमी होईल. बादली मला जास्त वेळा आणावी लागेल."

"आणि तुमचं काय?" मी सगळ्यांना विचारलं. "तुम्हाला नकोत?"

"आम्हाला कुठे बोट लागते!" दाऊदभाई म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनीच, एकदम. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं लक्ष माझ्या पोटाकडे होतं.

दुपारी चहाच्या मगाबरोबर मी बाराही गोळ्या घेतल्या आणि ब्रिजवर गेलो.

ब्रिज म्हणजे बोटीचा माथा. वर छप्पर नाही, समोर काच नाही, पाऊस आणि वारा थेट तोंडावर. टेहळणीवाल्याने उजव्या टोकाला उभं राहायचं, डोळ्यांना दुर्बीण लावायची आणि दिसेल ते ओरडून सांगायचं. मधे माथुर उभे होते, हात मागे बांधून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाशी ठेवलेल्या बादलीकडे. बादली त्यांनीच ठेवायला लावली होती.

"गुड आफ्टरनून, तांबे."

"गुड आफ्टरनून, सर."

बोट नाचत होती. मी वाट बघत उभा राहिलो. आता येईल, आता येईल. आलीच नाही. पोट गप्प. इतकं गप्प की ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं. मला एवढा आनंद झाला की मी ओठ चाटायला गेलो, तर जीभ कापसाची झाली होती. थुंकी म्हणून नाही. घसा म्हणजे उन्हाळ्यातली विहीर. असू दे म्हटलं. ओकायला तरी काही नको.

मग जवळचं दिसेनासं झालं. दुर्बिणीवरचे आकडे पुसले गेले. माझेच हात मला पाण्याखालच्यासारखे दिसायला लागले. उलट लांबचं सगळं फार छान दिसत होतं, जरा जास्तच छान. लाटांच्या टोकांवर बायका धुणी आपटत होत्या. मला ठाऊक होतं की समुद्रात धुणी नसतात. तरी बरं वाटत होतं. मी पाय फाकून उभा होतो आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. माथुर मधून मधून माझ्याकडे वळून बघत होते. मी ताठ. त्यांना ते आवडत नव्हतं असं नाही, पण पटत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांचं वळून बघणं थांबलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्यांचा चेहरा शिजवलेल्या मुळ्यासारखा झाला होता. ते हळूहळू, अगदी रुबाबात, ब्रिजच्या डाव्या टोकाला गेले. टोपी काढून काखेत धरली. आणि समुद्रात काहीतरी महत्त्वाचं पडल्यासारखे कठड्यावरून खाली वाकले. चांगले कमरेपर्यंत.

नेमका तेव्हा मला मचवा दिसला.

उजव्या बाजूला, अगदी समोर, पावसाच्या पडद्यातून. छोटा, काळा, शीड नसलेला. एवढा जवळ की त्याच्या फळ्यांमधला काथ्या दिसावा. त्यात एक माणूस उभा होता आणि हात वर करून थांबा म्हणत होता. आमची बोट सरळ त्याच्यावर चालली होती.

मी एक क्षण थांबलो. धुणी धुणाऱ्या बायकांबद्दल मी ओरडलो नव्हतो. पण हा माणूस माझ्याकडे बघत होता. ओरडलो आणि तिथे काही नसलं, तर माझी नेव्ही संपली. नाही ओरडलो आणि असलं, तर तो संपला.

"फिशिंग बोट!" मी ओरडलो. कोरड्या घशातून कावळ्यासारखा आवाज निघाला. "स्टारबोर्ड बो! क्लोज! व्हेरी क्लोज!"

माथुर वाकलेल्या अवस्थेतूनच वळले. हनुवटीवर ओघळ तसाच. त्यांनी समोर बघितलंसुद्धा नाही, वेळच नव्हता. सुकाणूवाल्याला ओरडले, "हार्ड अ पोर्ट!"

बोट डावीकडे वळली आणि उजव्या अंगावर झोपली. खालून असा आवाज आला की सगळा भटारखाना एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर गेला असावा. भांडी, बशा, पेट्या, शिव्या. मग बोट उलटी कलली आणि माझी रिकामी बादली घरंगळत माथुरांच्या पायापर्यंत गेली. बोट सावरली. पावसाचा पडदा बाजूला झाला. समुद्र मोकळा होता.

कॅप्टनसाहेब वर धावत आले. अर्ध्या चेहऱ्यावर दाढीचा साबण. "काय चाललंय काय?"

"मच्छीमारांचा मचवा, सर," माथुर म्हणाले. तोवर त्यांनी तोंड पुसलं होतं आणि टोपी डोक्यावर गेली होती. "अगदी समोर आला. थोडक्यात चुकवला."

"कुठे आहे?"

"मागे गेला, सर. पावसात दिसेनासा झाला."

कॅप्टनने मागे बघितलं, पुढे बघितलं, दुर्बीण मागून घेऊन चहूकडे बघितलं. "तुम्ही स्वतः पाहिलात?"

मी माथुरांकडे बघत होतो. गंमत बघा. खरं सांगायचं तर त्यांना सांगावं लागलं असतं की आपण पाहिला नाही, कारण आपण त्या वेळी दुसऱ्या बाजूला ओकत होतो. ब्रिजचा ताबा आपल्याकडे असताना.

"येस सर," ते म्हणाले. "स्वतः पाहिला."

"आधी कुणाला दिसला?"

"टेहळणीवर तांबे आहे, सर."

कॅप्टनने माझ्या खांद्यावर थाप मारली. साबणाचा ठिपका माझ्या बाहीवर राहिला. "शाब्बास. असे डोळे पाहिजेत." आणि ते राहिलेली अर्धी दाढी करायला गेले.

ब्रिजवर आम्ही दोघं आणि सुकाणूवाला. सुकाणूवाला होकायंत्राकडे असा बघत होता जणू तो बहिरा जन्मला होता. बऱ्याच वेळाने माथुर माझ्याजवळ आले.

"तांबे."

"सर."

"मचव्यात किती माणसं होती?"

"एक, सर."

त्यांनी मान डोलावली. "मलाही एकच दिसला."

मग ते माझ्या डोळ्यांकडे निरखून बघायला लागले. माझी बुबुळं पसरून परातीएवढी झाली असणार. त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की आता मला काहीच विचारण्यात अर्थ नाही. मी नालायक ठरलो तर मचवा खोटा, आणि मचवा खोटा तर ते खोटे.

"खाली जा," ते म्हणाले. "दुसरा माणूस मी मागवतो. तू पास."

मी जिना उतरलो तो हवेतून. सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं. मेसमध्ये पाय ठेवला आणि थांबलो.

दाऊदभाई टेबलाच्या पायाला मिठी मारून बसले होते, समोर डाळीची बादली. पालांडे झोळीतून अर्धा बाहेर लोंबत होता आणि त्याच्या खाली त्याचाच बूट धरलेला. बाकीचे कुणी भिंतीला, कुणी जमिनीला. अकराही जण. वास असा की माझ्या जागी कालचा मी असतो तर तिथेच पडलो असतो.

"तुम्हाला बोट लागत नाय ना?" मी म्हणालो.

"तोंड बंद कर," पालांडे म्हणाला. "आणि दार लाव."

मला वाटायचं, एवढ्या मोठ्या नेव्हीत बोट फक्त मला लागते. मी कधी दुसऱ्याला ओकताना पाहिलंच नव्हतं, कारण त्या वेळी माझं डोकं नेहमी बादलीत. दाऊदभाईंनी बारा-चौदा वर्षं काढली होती समुद्रावर, लढाईतसुद्धा होते, आणि दर पावसाळ्यात ते कुणाला न कळता, सफाईने, दोन कामांच्या मधल्या वेळात ओकून यायचे. सगळेच. फरक एवढाच की ते माथुरांच्या बुटांवर ओकले नव्हते.

"पास झालास?" दाऊदभाईंनी विचारलं.

"झालो."

"बरं झालं. पाणी दे."

पाणी देत होतो तेवढ्यात केरकर आला. त्याची नजर माझ्या डोळ्यांवर गेली आणि त्याने माझी हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. "ह्येचे डोळे बघा! किती खाल्लंस रे?"

"बारा."

"बारा!" त्याने कपाळावर हात मारला. "काय केलास रे मेल्यांनो! मरात मा तो! मगे माझी मान जायत!" त्याने मला ओढून आडवं केलं, मगामागून मग पाणी पाजलं, नाडी धरून बसला आणि मधून मधून आम्हा सगळ्यांच्या आयांचा उद्धार करत राहिला. नाडी जाग्यावर आली तेव्हा त्याला आपलं काम आठवलं.

"आता डॉक्टरांका काय सांगू? तेंका आकडे होये. किती वेळा ओकलास? तू सांग, दाऊद."

दाऊदभाईंनी तोंड पुसलं. "एकदा पण नाय."

"पालांडे?"

"मला? हॅट!" पालांडे म्हणाला आणि घाईघाईने बुटाकडे वळला.

बाराही जणांचं तेच उत्तर. आणखी काय सांगणार होतो? खरं सांगितलं असतं तर गोळ्या कुणी खाल्ल्या हे निघालं असतं, मग मी, मग मचवा. शिवाय आमच्या ओकण्याचा हिशेब साहेबांनी ठेवायचा, आणि त्यांच्या बादल्या केरकरने गुपचूप समुद्रात ओतायच्या, हे कुठल्या न्यायात बसतं?

कोचीनला बोट धक्क्याला लागली तेव्हा डॉक्टर खाली आले. डोक्याला टेंगूळ होतं. बोट वळली तेव्हा ते बिछान्यातून बरणीसकट पडले होते. बिचारे फार गोंधळले होते. "अ वाल्यांना त्रास नाही, ब वाल्यांना त्रास नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "असं कसं होईल? म्हणजे खडूने उलटी थांबते?" शेवटी त्यांनी वर कळवलं की औषधात आणि खडूत फरक आढळला नाही, आणि हिंदी खलाशी जात्याच काटक असल्याने त्याला अशा औषधाची गरज दिसत नाही. ते वरच्यांना फार पटलं. खर्च वाचला. त्या गोळ्या मी बोटीवर पुन्हा पाहिल्या नाहीत. पुढे सतरा वर्षं नेव्हीत काढली, प्रत्येक पावसाळ्यात ओकलो, सफाईने, दोन कामांच्या मधल्या वेळात.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी मी मेसमध्ये आडवा पडून होतो. केरकर वर गेला होता. बोट जरा मंदावली होती आणि माणसं एकेक करून बादलीतून डोकं वर काढत होती. दाऊदभाई माझ्या उशाला येऊन बसले.

"तो मचवा," ते हळूच म्हणाले. "होता काय खरा?"

"मला दिसला."

"कोण होतं त्यात?"

मी पाण्याचा एक घोट घेतला. जीभ अजून कोरडीच होती.

"बा होता," मी म्हणालो. "माझा बा. गावच्या तरीत, नदी ओलांडायच्या होडीत, त्याला कधी मधे बसू दिलं नाय. कडेला, पाय पाण्यात सोडून बसायचा. ह्या मचव्यात तो एकटाच होता. मधोमध उभा. हात वर करून थांबा म्हणत होता."

दाऊदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हसतील. पालांडे झोळीतून कान देऊन ऐकत होता, तोही हसला नाही.

"मग तू बरोबर केलंस," दाऊदभाई म्हणाले. "बापाच्या अंगावरून बोट घालायची काय?"